रेषा मागाहून आखण्याचे फायदे

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणासाठी जे काही केले, त्यातल्या एका कामाचे श्रेय त्याला अजून पुरेसे मिळालेले नाही. उत्तीर्ण व्हायला किती गुण लागतात हे परीक्षा होऊन गेल्यावर ठरवता येते, आणि तसे ठरवणे सर्वोच्च न्यायालयात टिकते, हे आयोगाने २०१२-१३ या दोन वर्षांत दाखवून दिले. प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या एका अख्ख्या पिढीने याची किंमत मोजली आहे. कौतुक मात्र अजून कुणी नीट केलेले नाही.

आधी हकिकत. २४ जून २०१२ रोजी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे आपली नेट, देशभर झाली. पत्रिका तीन होत्या. पहिल्या दोन शंभर-शंभर गुणांच्या आणि तिसरी दीडशेची, असे एकूण ३५० गुण. प्रत्येक पत्रिकेत किमान किती गुण हवेत ते सूचनेत छापलेले होते. खुल्या प्रवर्गासाठी अनुक्रमे ४०, ४० आणि ७५. इतर मागास वर्गासाठी पहिल्या दोन पत्रिकांत ३५-३५ आणि तिसरीत ४५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांसाठी ३५, ३५ आणि ६०. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने बेरीज केली तर ती १५५ होत होती. सप्टेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा कळले की एवढ्याने भागत नाही. तिन्ही पत्रिका मिळून एकूण ६५ टक्के गुण हवेत. इतर मागास वर्गाला ६०, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना ५५. साडेतीनशेचे ६५ टक्के म्हणजे साडेदोनशेला बावीस-तेवीस कमी. प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असल्यामुळे प्रत्यक्षात २२८. जूनमध्ये १५५ दिसत होते आणि सप्टेंबरमध्ये २२८ लागले. मधल्या ७३ गुणांचा अभ्यास कुणी कधी करायचा होता, असा क्षुद्र प्रश्न काही उमेदवारांनी तेव्हा विचारला.

त्यांनी सूचना नीट वाचली नव्हती, हे इथे नमूद करायला हवे. सूचनेच्या सातव्या कलमात आयोगाने सगळे लिहून ठेवले होते. प्रत्येक पत्रिकेत किमान गुण मिळवणाऱ्यांचाच अंतिम निकालासाठी विचार होईल, आणि पात्रतेचा अंतिम निकष निकाल जाहीर करण्यापूर्वी आयोग ठरवेल. यापेक्षा पारदर्शक काय असू शकते? आकडा सांगितला नव्हता हे खरे, पण आकडा नंतर सांगू हे तर आधीच सांगितले होते. प्रामाणिकपणाची ही वरची पायरी आहे. सामान्य माणूस वचन देतो आणि मोडतो. संस्था परिपक्व असेल तर वचन कोरे ठेवायचे वचन देते, आणि ते मात्र अक्षरशः पाळते.

या पद्धतीचे शैक्षणिक फायदेही थोडे नाहीत. ज्याला लक्ष्य माहीत असते तो लक्ष्यापाशी पोहोचला की थांबतो. १५५ हवेत म्हटले की १६० ची तयारी करणारे विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. किती हवेत हेच ठाऊक नसेल तर माणूस अखेरपर्यंत वाचत राहतो आणि निकालानंतरही वाचत राहतो, कारण तोपर्यंत पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायची वेळ झालेली असते. शिवाय त्या वर्षी तिसरी पत्रिका पहिल्यांदाच वस्तुनिष्ठ केली होती. आधी तिथे निबंधवजा उत्तरे लिहावी लागत, आता पर्यायाचे वर्तुळ रंगवायचे होते. असे केल्यावर किती जण पुढे येतील याचा अंदाज आयोगाला नसणे स्वाभाविक आहे. अंदाज नसताना आधीच आकडा जाहीर करणे हा उतावळेपणा झाला असता. आयोगाने संयम दाखवला. पीक आधी खळ्यावर येऊ दिले आणि मग मापटे किती मोठे घ्यायचे ते ठरवले.

हा संयम पुढेही टिकला. निकालावर ओरड झाली तेव्हा आयोगाने नोव्हेंबर २०१२ मध्ये पुरवणी निकाल लावला. ज्यांना ती टक्केवारी गाठता आली नव्हती, त्यांच्यापैकी परीक्षा दिलेल्यांच्या वरच्या सात टक्क्यांत येणारे उमेदवारही आता पात्र ठरले. उदार निर्णय होता, यात वाद नाही. एकच बारकावा असा की सातव्या कलमाने निकष ठरवायची मुभा निकाल जाहीर होण्यापूर्वीपर्यंतच दिली होती, आणि हा दुसरा निकष निकाल जाहीर झाल्यानंतर जन्माला आला. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पात्रतेच्या तीन रेषा आखल्या गेल्या आणि उत्तरपत्रिका मात्र त्याच राहिल्या. ज्ञान स्थिर असते आणि पात्रता प्रवाही असते, हा विचार भावी प्राध्यापकांना इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कुणी शिकवला असता?

काही उमेदवारांना तो पचला नाही आणि ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि केरळ उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. प्रत्येक पत्रिकेचे किमान गुण मिळवलेल्याला परीक्षेनंतर ठरवलेल्या एकूण टक्केवारीवर नापास करता येत नाही, असे या न्यायालयांना वाटले. कायद्याचे वाचन सामान्य माणसाच्या समजुतीच्या इतके जवळ जाणे धोक्याचे असते. १९ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चूक दुरुस्त केली. आयोग ही तज्ज्ञ संस्था आहे, अध्यापनाचा दर्जा राखणे हे तिचे कायद्याने नेमलेले काम आहे, आणि निकष नंतर ठरेल हे सूचनेतच अभिप्रेत असल्यामुळे खेळाचे नियम मध्येच बदलले असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायदा म्हणून हा निकाल आपण सगळ्यांनी मानला आणि मानायलाच हवा. योगायोग असा की नेटची अट ज्या नियमांनी देशभर लागू झाली ते नियमही १९ सप्टेंबरचेच, १९९१ सालचे. बावीस वर्षांनी त्याच तारखेला कळले की अट कुठली ते आधी सांगावे लागते, पण ती पुरी केव्हा होते ते नंतर सांगितले तरी चालते.

महाराष्ट्राला १९९१ ची ती तारीख वेगळ्या कारणानेही तोंडपाठ आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) नसताना नेमलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षे लोंबकळत होता. नेट-सेटचे उमेदवार मिळत नव्हते म्हणून महाविद्यालयांनी त्यांना घेतले, विद्यापीठांनी मान्यता दिल्या, शासनाने पगार दिले, आणि बऱ्याच वर्षांनी सर्वांच्या लक्षात आले की हे लोक पात्र नव्हते. फेब्रुवारी ते मे २०१३ परीक्षेच्या कामावर प्राध्यापकांचा बहिष्कार पडला, लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा टांगणीला लागल्या, आणि २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने नेट-सेट नसलेल्यांची सेवा निर्णयाच्या तारखेपासून ग्राह्य धरली. म्हणजे एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपण दोन गोष्टी शिकलो. नेट न देता वीस वर्षे शिकवलेला माणूस निर्णयाच्या दिवशी सकाळी पात्र होऊ शकतो, आणि नेटमध्ये सव्वादोनशे गुण मिळवलेला माणूस अपात्रच राहू शकतो. दोघांचाही दोष नव्हता. दोघांनीही त्या-त्या वेळी जे सांगितले ते केले होते.

सव्वादोनशेवाला आज कुठे असेल? बहुधा एखाद्या विनाअनुदानित तुकडीवर तासाच्या हिशेबाने शिकवत असेल. पात्रता नसली तरी तास घेता येतो, फक्त पगार घेता येत नाही, ही आपल्या महाविद्यालयांनी शोधलेली तडजोड दोन्ही बाजूंना सोयीची आहे. अंतर्गत परीक्षा घेताना तो उत्तीर्ण होण्याचे गुण फळ्यावर आधी लिहीत असेल. न लिहून सांगणार कुणाला? एखाद्या प्राध्यापकाने उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर जाहीर केले की या वेळी ४० नाही, ६५ ला पास, तर दुसऱ्या दिवशी विद्यार्थी प्राचार्यांच्या दालनाबाहेर बसतील आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर चौकशी समिती नेमली जाईल. शिक्षकाला जे करण्याची मुभा नाही ते शिक्षक निवडणाऱ्याला आहे, यातूनच आपल्याकडची उच्च शिक्षणातली श्रेणीरचना स्पष्ट होते.

नेटच्या पलीकडेही ही परंपरा जपली गेली आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी गुणांचा तक्ता आहे आणि तो फार निगुतीने केलेला आहे. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तर पदवीला २५, पीएचडीला ३०, कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह नेटला ७, शोधनिबंधांना १०, अध्यापनाच्या अनुभवाला १० आणि पुरस्काराला ३. बरोबर शंभर. उमेदवार वीस वर्षांची कागदपत्रे झेरॉक्स करून या शंभरांत स्वतःला बसवतो. आणि त्याच नियमांत लिहिले आहे की हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचे ते ठरवण्यासाठी आहेत. निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर होईल. म्हणजे वीस वर्षे मोजून, पडताळून, सही-शिक्क्यानिशी दारापर्यंत आणायची आणि दारातच ठेवायची. आत जायचे ते रिकाम्या हाताने, समितीसमोर समान होऊन. समतेचा याहून सोपा मार्ग सुचवता येणार नाही. मुलाखतीच्या खोलीत काय मोजले गेले हे बाहेर कुणाला कळत नाही, ही तर या मार्गाची विशेष खूण आहे.

या उज्ज्वल वाटचालीत एक अडथळा आला तो अलीकडे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या के. मंजुश्री खटल्यात म्हटले होते की मुलाखती झाल्यावर मुलाखतीच्या किमान गुणांची अट घालता येत नाही. तो निकाल बरोबर की चूक, असा प्रश्न पुढे राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात उभा राहिला. राजस्थान उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अनुवादकांच्या १३ जागांसाठी जाहिरात काढली होती. २१ जण परीक्षेला बसले, आणि परीक्षा झाल्यावर ७५ टक्क्यांची अट आली. तीनच जण त्यात बसले. दहा जागा रिकाम्या राहिल्या, पण दर्जा राखला गेला, असे आयोगाच्या पद्धतीच्या चाहत्याला म्हणता आले असते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक खटल्यात तसे म्हटले नाही. भरती सुरू झाल्यावर पात्रतेचे नियम बदलता येत नाहीत, नियमांनीच किंवा जाहिरातीनेच तशी मुभा दिली असल्याशिवाय. आणि मुभा असली तरी गुणांची पातळी त्या टप्प्यावर पोहोचण्याआधी ठरवायची, म्हणजे ना उमेदवार चकित व्हावा, ना तपासणारा. मंजुश्रीचा निकाल योग्यच होता, हेही पीठाने सांगितले. २००९ च्या जाहिरातीतल्या प्रश्नाचे उत्तर २०२४ मध्ये मिळाले. मधल्या पंधरा वर्षांत परीक्षा देणाऱ्यांचे नोकरीचे वय निघून गेले, आणि ते कुणी परत करू शकत नाही.

घटनापीठासमोर नेटचा प्रश्न नव्हता, आणि नेटचा रिवाजही आता बदलला आहे. २०१७ पासून परीक्षा देणाऱ्यांपैकी सहा टक्के पात्र ठरतात, आणि हा आकडा आधीपासून जाहीर असतो. हे चांगले झाले, असे इथे सरळ म्हणतो. पण राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या जाहिराती आजही अशा निघतात की शैक्षणिक गुणांची पडताळणी कुठे थांबेल, मुलाखतीला एका जागेमागे किती जण बोलावले जातील आणि मुलाखतीत किमान किती गुण हवेत, हे वाचून समजत नाही. पात्रतेचा अंतिम निर्णय सक्षम प्राधिकारी घेईल, एवढे वाक्य मात्र प्रत्येक जाहिरातीत असते. २०१२ च्या सातव्या कलमाचे ते सख्खे भावंड आहे. न्यायालयात ते टिकेलही. पण टिकते म्हणून ते न्याय्य होत नाही, आणि आयुष्याची पंधरा-वीस वर्षे पणाला लावून अर्ज करणाऱ्या माणसाला ते देणे हे शिक्षणसंस्थेला शोभत नाही.

कुलगुरूंना, संस्थाचालकांना आणि उच्च शिक्षण संचालनालयाला म्हणून एकच मागणी आहे. प्राध्यापक भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत प्रत्येक टप्प्याचा किमान गुणांचा आकडा अर्ज मागवण्याच्या दिवशीच छापा, आणि मुलाखतीचे गुण निकालाबरोबर प्रत्येक उमेदवाराला लेखी द्या. याला नवा कायदा लागत नाही, जास्तीचा पैसा लागत नाही. पुढची जाहिरात निघेल तेव्हा वाचकांनीही आधी हा आकडा शोधावा, आणि तो नसेल तर अर्जाची मुदत संपण्याआधी लेखी विचारावा.