ब्लेंडवाली मामेबहीण

ब्लेंडवाली मामेबहीण ही मराठी लग्नघरात रिसेप्शनच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एकाएकी महत्त्वाला चढणारी व्यक्ती होय. सकाळच्या मुहूर्ताला तिला कोणी विचारत नाही. अक्षता वाटणाऱ्यांतली ती एक असते. पंगती उठतात, नवरी शालू सोडायला आत जाते, संध्याकाळच्या फोटोंना अजून तीन तास आहेत हे उरलेल्या बायकांच्या ध्यानात येते आणि मग तिचा शोध सुरू होतो. नाते मामेच हवे असे नाही. आते, मावस, चुलत बहिणीही हे काम करतात. क्वचित एखादी धाकटी जाऊही करते, पण तिच्या कामात चुका काढणे सोपे जाते म्हणून तिला सहसा टाळले जाते. ब्यूटिशियन मात्र ती कधीच नसते. ती बँकेत असते, औषधांच्या कंपनीत असते किंवा हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत असते. शिक्षण मोबाइलवरच्या व्हिडिओंतून झालेले, सराव स्वतःच्या डोळ्यांवर, आणि परीक्षा नातेवाइकांच्या.

तिचा खास विषय म्हणजे संध्याकाळचा सौम्य स्मोकी आय. पापणीच्या कडेला गडद रंग लावायचा आणि तो वर भुवईकडे जाता जाता इतका विरघळवायचा की कुठे संपला ते कळू नये, एवढेच त्याचे सूत्र. आयलायनरची रेघ सुरेख आली की ती दिसते आणि तिचे कौतुक होते. इथे रेघ दिसली तर काम बिघडले. रंग लावण्याला फार तर पाचवा हिस्सा वेळ लागतो. बाकी सगळा वेळ लावलेल्याची कड पुसण्यात जातो. या पुसण्यालाच ती ‘ब्लेंड करणे’ म्हणते आणि दिवसातून इतक्या वेळा म्हणते की तिला हे नाव पडते.

या लुकची खरी अडचण तांत्रिक नाही, कौटुंबिक आहे. रंग जरा कमी पडला तर ‘अगं, काही केलंच नाहीस की’ असा शेरा मिळतो. जरा जास्त झाला तर ‘रात्री झोप झाली नाही का?’ या दोन वाक्यांच्या मधली जागा फार अरुंद असते आणि मामेबहिणीला सहा-सात जणींना त्या जागेत नेऊन उभे करायचे असते.

कामाची जागा वधूकक्ष. मंगल कार्यालयाच्या वधूकक्षात आरसा एकच असतो आणि त्याच्या कडेला आधीच्या लग्नांतल्या बायकांनी काढून चिकटवलेल्या टिकल्या असतात. तो आरसा, त्याच्यासमोरची एकुलती खुर्ची आणि चालू स्थितीतला प्लग पॉइंट नवरीच्या मेकअप आर्टिस्टने ताब्यात घेतलेला असतो. ही आर्टिस्ट पैसे घेऊन आलेली असते, चाकांची पेटी आणि गोल दिवा घेऊन आलेली असते आणि कोणाशी बोलत नाही. मामेबहीण तिच्याकडे बघत नाही असे दाखवून सगळे बघून घेते. शेवटी ती आपले दुकान खिडकीपाशी मांडते, आणि हे तिच्या पथ्यावरच पडते. छताच्या ट्यूबलाइटने भुवईची सावली डोळ्यावर पडते, मग रंग आहे त्याहून गडद भासतो. पाच वाजताचा खिडकीतला उजेड खरे सांगतो. रात्री व्हिडिओवाल्याच्या झगझगीत दिव्यांत तोच रंग पुन्हा फिका दिसणार असतो, म्हणून ती प्रत्येकीला मनातल्यापेक्षा किंचित जास्त लावते. हा तर्क बरोबर असतो, पण तो समजावून सांगायला वेळ नसतो.

साहित्य थोडके असते: तपकिरी छटांची एक पॅलेट, काजळाची पेन्सिल, कन्सीलर, मस्कारा, कापूस, दोन-तीन ब्रश. त्यांतला मुख्य ब्रश फुगीर, मऊ आणि कोरडा; त्याला रंग लावायचा नसतो, तो फक्त पुसायला. त्याला कोणी हात लावलेला तिला खपत नाही. डाव्या हाताच्या पाठीवर तिने सगळ्या छटा ओढून पाहिलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत किमान दोन वडीलधारी माणसे ‘भाजलं का गं?’ म्हणून चौकशी करतात.

कृतीला सुरुवात डोळ्यांपासून होते, चेहऱ्यापासून नाही. गडद पावडरीचे कण गालावर झडतात आणि आधीच लावलेल्या फाउंडेशनवर पडले तर निघता निघत नाहीत. त्यामुळे पहिला वाद इथेच होतो. काकू तोंडाला सगळे थापून, ‘आता फक्त डोळे कर’ म्हणत येऊन बसलेल्या असतात. मामेबहीण त्यांच्या डोळ्यांखाली लूज पावडरीचा जाड थर देते, म्हणजे झडलेले कण त्यावर थांबतील आणि शेवटी सगळे मिळून झटकता येईल. काकू त्या अवस्थेत मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला पाहतात आणि खोलीत काही काळ कोणालाच काम सुचत नाही.

मग पापणीवर कन्सीलरचा पातळ हात फिरतो. पापणी तेलकट असते. तळाला काही धरून ठेवणारे नसले तर रंग तासाभरात घडीत गोळा होतो. त्यावर मातकट, न चमकणारी तपकिरी छटा डोळा उघडल्यावर जिथे घडी पडते तिथे, थोडी वरपर्यंत, ब्रश इकडून तिकडे हलका फिरवत लावायची. यानंतर एक पायरी गडद तपकिरी, फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. ही छटा लोहाच्या ऑक्साइडांतून येते, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने ती गंजाच्या नात्यातलीच. पण लग्नघरात हे सांगण्याची पद्धत नाही.

काळा रंग ती जपून वापरते. सौम्यपणाचे निम्मे श्रेय काळ्याच्या जागी तपकिरी घेण्याला आहे, हे तिला माहीत असते. पण काजळाशिवाय गव्हाळ चेहऱ्यावर डोळा उठत नाही, म्हणून पापण्यांच्या केसांच्या मुळाशी पेन्सिलीची जाडसर रेघ ओढून ती लगेच पसरवायची. लगेच म्हणजे लगेच. हल्लीचे टिकाऊ जेल काजळ अर्ध्या मिनिटाच्या आत बसते आणि एकदा बसले की हलत नाही. नेमक्या या अर्ध्या मिनिटात कोणीतरी दार उघडून ‘हाराचं पाकीट कुठंय?’ असे विचारते आणि खुर्चीतली व्यक्ती डोळे उघडून उत्तर देते. वरच्या पापणीवर, घडीच्या बरोबर वर, काजळाची दुसरी रेघ उमटते. मामेबहिणीचा संयम मोजायचा झाला तर इथे मोजावा. ती काही बोलत नाही. कापसाच्या काडीला जरासा कन्सीलर लावून ती डाग उचलते आणि पुन्हा म्हणते, ‘डोळे मीट.’

डोळे मिटणे ही साधी गोष्ट आहे असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना ती येत नाही. काही जणी डोळे इतके घट्ट मिटतात की पापणीची घडीच नाहीशी होते. काहींच्या पापण्या ब्रश जवळ येण्याआधीच फडफडू लागतात. वधूमाय डोळे मिटते आणि बसल्या जागी झोपते. तिचे काम सर्वांत छान होते. आत्याला जाड भिंगांचा चष्मा असतो आणि तिथे प्रकाशशास्त्र आडवे येते. जवळचे वाचण्याच्या अधिक नंबरच्या भिंगातून डोळा मोठा दिसतो, त्याबरोबर ब्लेंडिंगमधली प्रत्येक चूकही. लांबच्या उणे नंबरमधून डोळा लहान दिसतो, म्हणून तिथे रंग थोडा चढा लागतो. आत्याचा नंबर अधिक. चष्म्याशिवाय तिला आरशातले दिसत नाही आणि चष्मा लावल्यावर काचेवरच्या उजेडाने डोळे दिसत नाहीत. ती मान हलवून ‘छान’ म्हणते, आणि दिवसभरात मिळालेली ही एकमेव बिनशर्त पावती असते.

पापणीच्या मध्यावर थोडी चमक देण्याची पायरी ऐच्छिक आहे, पण ती वगळायला कोणी तयार नसते. ही चमक अभ्रकाची असते. अभ्रकाच्या बारीक पत्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिला की त्या प्रकाश परतवतात. तरुण पापणीवर ते शोभते. सुरकुतलेल्या पापणीवर तेच कण सुरकुत्यांत बसून प्रत्येक सुरकुती उठून दाखवतात. हे काकूंना सांगायचे कसे, यात मामेबहिणीची खरी विद्या आहे. ‘सुरकुती’ हा शब्द ती तोंडातून काढत नाही. ‘काकू, तुमच्या पैठणीला इतकी जर आहे, वर डोळ्यांना मॅटच खुलेल,’ असे ती म्हणते आणि काकू शेजारणीकडे विजयाने पाहतात.

खालच्या पापणीला हाताशी उरलेली तपकिरी छटा फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागापर्यंत न्यायची. आतल्या कोपऱ्यापर्यंत नेली की डोळा आजारी दिसतो. शेवटी मस्कारा. हा ती शक्यतो प्रत्येकीचा तिच्या तिच्या पर्समधला काढायला लावते, कारण एका कांडीने दहा डोळे रंगवले की डोळे येण्याची साथ हनिमूनपर्यंत पोहोचते. या नियमाला घरातल्या ज्येष्ठ बायका ‘फॅड’ म्हणतात.

इतके होऊनही दोन डोळे सारखे येत नाहीत. उजवा जरा गडद झाला म्हणून डावा वाढवायचा, मग डावा पुढे गेला म्हणून उजवा. नवशिकी मामेबहीण या शर्यतीत सौम्य स्मोकी आयपासून निघून तमाशाच्या फडापर्यंत जाऊन पोहोचते. मुरलेली गडद डोळ्यावर कोरडा ब्रश फिरवत राहते आणि दुसऱ्याला हात लावत नाही. मुरायला तीन-चार लग्ने जावी लागतात. ती कोणाकोणाची होती ते अल्बमवरून ओळखता येते.

कामावर टीका करण्याचा पहिला मान आजीचा. आजींच्या पिढीत एरंडेलाच्या दिव्यावर भांडे पालथे धरून जमलेली काजळी लोण्यात किंवा तुपात खलली की काजळ झाले, आणि ते आधी बाळाच्या डोळ्यांत, मग गालाला तीट म्हणून, उरले तर आईला. ते पसरले तर पदराने टिपायचे. ते मुद्दाम पसरवण्याला पैसे पडतात हे तिला पटत नाही. मामेबहीण यावर इतिहास काढते. प्राचीन इजिप्तमध्ये पुरुषसुद्धा गॅलेना नावाचे शिशाचे खनिज कुटून डोळ्यांत घालत. 1917 साली थीडा बारा या अमेरिकी नटीने ‘क्लिओपात्रा’ या मूकपटात डोळे असे काही काळे केले की ती पुढे त्या डोळ्यांसाठीच ओळखली गेली. 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर तर पाश्चात्त्य बायकांत इजिप्शियन डोळ्यांची लाटच आली. त्या ‘क्लिओपात्रा’चे आज काही तुकडे तेवढे उरले आहेत, कारण फॉक्स कंपनीची फिल्मची कोठारे 1937 मध्ये जळाली; धुरकट डोळ्यांचा सिनेमा धुरातच गेला, हा तपशील मामेबहिणीला विशेष प्रिय असतो. आजी सगळे ऐकून घेते आणि विचारते, ‘शिसं डोळ्यांत?’ इथे आजीचे बरोबर असते. शिसे विषारी आहे, काही पारंपरिक सुरम्यांत ते आजही सापडते आणि अमेरिकेत तसल्या सुरम्याला परवानगी नाही. वाद अनिर्णित राहतो. आजीच्या डोळ्यांत त्यानंतर पाच मिनिटांनी पेन्सिलीचे बारीक काजळ घातलेले आढळते. ते पसरवू मात्र दिलेले नसते.

पुरुषांचे या विषयातले योगदान मर्यादित आहे. मामा येऊन प्रत्येकीकडे पाहून ‘डोळ्याला काही लागलंय का?’ असे विचारतात. नवरे काही वेगळे झाले आहे हे ओळखतात आणि साडीची तारीफ करतात.

रिसेप्शन सुरू झाले की मामेबहिणीचे काम संपत नाही. ती आता राखणदार होते. उकाड्यात डोळ्याखाली काही ओघळले तर टिश्यू दाबायचा, घासायचा नाही, हे ती स्टेजच्या खालून खुणांनी सांगत असते. पाठवणी रिसेप्शननंतर ठेवली असेल तर तिची सगळी भिस्त वॉटरप्रूफ मस्काऱ्यावर असते. वधूमायला तिने चार वेळा बजावलेले असते आणि पर्समध्ये टिश्यूंचे पाकीट कोंबलेले असते. वधूमाय रडू आल्यावर नेहमीच्या सवयीने पदर घेते आणि दोन्ही डोळे आडवे पुसते. मग प्रश्न डोळ्यांचा राहत नाही, पैठणीचा होतो, आणि त्यावर वेगळ्या काकूंचे मार्गदर्शन चालू होते.

मेकअप काढण्याचे शास्त्र सोपे आहे, पण रात्री साडेबाराला ते ऐकायला कोणी जागे नसते. टिकाऊ काजळ मेणात आणि तेलकट द्रव्यांत बांधलेले असते, त्यामुळे ते पाण्याला दाद देत नाही, तेलाला देते. कापसावर खोबरेल घेऊन मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ नुसते धरायचे आणि मग वरून खाली पुसायचे. काकू साबणाने तोंड धुतात. सकाळी त्यांच्या डोळ्यांभोवती रात्रीपेक्षा जास्त सुबक, सर्व बाजूंनी विरघळलेला धुरकट रंग असतो. असे ब्लेंडिंग मामेबहिणीला जागेपणी साधलेले नसते.

ब्रश धुणे हे तिचे शेवटचे काम. लहान बाळाच्या शाम्पूने धुवून ते आडवे वाळवायचे. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरते, आतला डिंक सुटतो आणि केस गळू लागतात. त्यामुळे सत्यनारायणाच्या दिवशी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर टॉवेलावर ब्रश मांडलेले दिसतात. त्यांतला फुगीर, मऊ, कोणी हात न लावायचा तो एक जागेवर नसतो. लहान मुलांची झडती होते, काही मिळत नाही. तो तीर्थप्रसादाच्या वेळी सापडतो: चौरंगावर सांडलेले तांदूळ झाडायला कोणीतरी तो गुरुजींना दिलेला असतो, आणि गुरुजी हे फार उत्तम साधन आहे, कुठे मिळते, अशी चौकशी करत असतात.