दोनशे ग्रॅम लोण्याची गरिबी

पित्सोक्केरी हा उत्तर इटलीतील वाल्तेल्लिना खोऱ्याचा पारंपरिक पदार्थ आहे. कुट्टूच्या पिठाच्या जाड, करड्या पट्ट्या, सोबत कोबी आणि बटाटा, थराथरांत चीज आणि वरून लसूण घालून कडवलेले लोणी, असे त्याचे स्वरूप. खोऱ्याच्या उतारावर सुमारे 850 मीटर उंचीवर वसलेले तेल्यो हे गाव या पदार्थाचे माहेर समजले जाते. अख्ख्या खोऱ्याला नाव याच गावावरून पडले असल्याने पदार्थावर हक्क सांगताना गावाला फारसा संकोच वाटत नाही. सप्टेंबरात येथे ‘पित्सोक्केरो द’ओरो’, म्हणजे ‘सोन्याचा पित्सोक्केरो’, हा उत्सव भरतो. पदार्थाचा रंग ओल्या सिमेंटच्या जवळ जातो, ही बाब नाव ठरवताना विचारात घेतलेली दिसत नाही.

कुट्टू गवताच्या कुळातले नाही. ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातले आहे. त्याचे मूळ नैर्ऋत्य चीनमध्ये. आल्प्समध्ये ते रुजले याचे कारण चव नव्हे, वेळापत्रक. उन्हाळ्यात राय हे धान्य कापले की त्याच वावरात कुट्टू पेरता येते आणि तीनएक महिन्यांत, थंडी कडक होण्याआधी, ते हाती लागते. जमीन हलकी असली तरी चालते. गव्हाला हे जमत नव्हते, म्हणून डोंगरातल्या माणसांनी कुट्टू खाल्ले. ते आवडते का, हा प्रश्न त्या काळी कोणी कोणाला विचारत नसे.

हेच कुट्टू हिमालयातही पिकते आणि उत्तर भारतात शारदीय नवरात्राच्या उपवासाला चालते. म्हणजे वर्षाच्या साधारण त्याच सुमारास ही वनस्पती भारतात संयमाची आणि इटलीत अजीर्णाची सोय करते.

पदार्थ किती जुना, याचे उत्तर उत्सवात ‘पूर्वापार’ असे मिळते. यातला बटाटा दक्षिण अमेरिकेचा. आल्प्सच्या शेतांत तो सर्रास दिसू लागला अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. त्यामुळे ‘पूर्वापार’ची एक मर्यादा बटाट्यानेच ठरवून दिली आहे. वर किसून घालायचे ग्राना चीज डोंगराचे नव्हे, मुळात पो नदीच्या मैदानाचे. परंपरेने या दोघांनाही विनातक्रार सामावून घेतले. तक्रारींची व्यवस्था पुढे झाली.

ही व्यवस्था म्हणजे तेल्योची पित्सोक्केरी अकादमी. पदार्थाची अधिकृत कृती जपणे हे तिचे काम. चार माणसांसाठीचे प्रमाण असे: कुट्टूचे पीठ 400 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, लोणी 200 ग्रॅम, वाल्तेल्लिना काझेरा चीज 250 ग्रॅम, ग्राना 150 ग्रॅम, सुरकुतलेल्या पानांचा कोबी 200 ग्रॅम, बटाटे 250 ग्रॅम, लसणाची एक पाकळी आणि मिरपूड. मैद्याला सबळ कारण आहे. कुट्टूत ग्लुटेन नसल्याने नुसत्या पिठाची पट्टी मोडते. लोणी आणि चीज यांची बेरीज मात्र 600 ग्रॅम होते, पिठाची 500. गरिबांच्या या जेवणात पिठापेक्षा लोणी-चीज जास्त पडते. गरिबीचे इतके पौष्टिक प्रमाण प्रत्यक्ष गरिबीच्या काळात किती घरांना झेपले असते, हा अकादमीच्या कक्षेबाहेरचा विषय आहे.

कृतीही ठरलेली आहे. कणीक दोन-तीन मिलिमीटर जाड लाटायची, तिच्या सात-आठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि त्या आडव्या चिरून अर्धा सेंटिमीटर रुंदीचे तुकडे करायचे. भाज्या खारट पाण्यात शिजत घालून थोड्या वेळाने त्यातच हे तुकडे सोडायचे. मग झाऱ्याने काढून एक थर त्यांचा, एक चीजचा, असे रचत जायचे आणि शेवटी कडवलेले लोणी ओतायचे. त्यानंतर ढवळायचे नाही. ज्या घरांतून ही कृती आली तेथे कोणी ढवळल्याबद्दल मुलाला अपारंपरिक ठरवले असण्याची शक्यता कमी आहे. पण घराला अकादमी नसते.

2016 मध्ये ‘वाल्तेल्लिनाची पित्सोक्केरी’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. युरोपात अशा मानांकनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात उत्पादनाचे सगळे टप्पे त्या भागातच व्हावे लागतात. दुसऱ्यात एखादा टप्पा झाला तरी पुरते. काझेरा चीज पहिल्यात बसते, पित्सोक्केरी दुसऱ्यात. ही तरतूद सोयीची ठरली, कारण दरम्यान खोऱ्यातली कुट्टूची शेते जवळपास संपली होती. लोक कारखान्यांत, हॉटेलांत, शहरांत कामाला गेले आणि बहुतेक कुट्टू बाहेरून येऊ लागले. शिवाय दुकानात मिळणाऱ्या सुक्या, पाकीटबंद पित्सोक्केरीत अकादमीचे प्रमाण साधारणपणे उलटे असते: बरेचसे पीठ गव्हाचे, बेतापुरते कुट्टूचे. पाकिटावर डोंगराचे चित्र मात्र पूर्ण असते.

हा अपवाद नाही. उत्सवाच्या जेवणात आधी ब्रेझाओला येते. खोऱ्याच्या हवेत सुकवलेले हे गोमांसही मानांकित आहे आणि त्यासाठी ब्राझीलमधल्या वशिंडाच्या गुरांचे मांस मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ब्राझीलमधल्या नेलोर जातीच्या गुरांचे पूर्वज आंध्रच्या ओंगोल जातीचे होते. तेव्हा ताटातले स्थानिक काय, हे विचारल्यास ‘हवा’ हे उत्तर बिनचूक ठरते.

त्याच जिल्ह्यातल्या कियावेन्ना गावातही पित्सोक्केरी करतात; ती पांढरी, मैद्याची आणि गोळ्यांसारखी असते. दोन्ही गावे आपापली पित्सोक्केरी खरी मानतात. दोन्ही पदार्थ पोटभर खाल्ल्यावर वादाची ताकद उरत नसल्याने शांतता टिकून आहे.

उत्सवाची रीत साधी आहे. गावातली उपाहारगृहे ठरलेला बेत मांडतात: ब्रेझाओला, चीज भरून तळलेले कुट्टूचे ‘शात’, मग पित्सोक्केरी, सोबत उतारावरच्या पायऱ्यांच्या मळ्यांतली नेब्बियोलो द्राक्षांची वाइन आणि शेवटी अंजीर-अक्रोडांची बिश्शोला. या क्रमाने जेवलेल्या माणसाकडून इतिहासाची चिकित्सा होत नाही. पाहुणे बरेचसे मिलानच्या बाजूचे. 1902 मध्ये खोऱ्यातल्या तिरानोपर्यंत पोचलेल्या रेल्वेने इथली तरणी माणसे शहराकडे नेली. आता तीच रेल्वे खाणारे आणून सोडते.

अशा उत्सवांचा नियम यावरून काढता येतो. पदार्थ रोज खावा लागतो तोवर तो जेवण असतो. खाणे सुटले की वारसा होतो. नियम आल्प्सपुरता नाही. भारताच्या पुढाकाराने 2023 हे भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि ज्या नाचणीच्या भाकरीमुळे शहरात कोकणातल्या मुलाला डबा उघडायला लाज वाटे, ती पंचतारांकित बुफेत चिठ्ठी लावून मांडली गेली.

तेल्योच्या परिसरात काही शेतकरी आता पुन्हा स्थानिक कुट्टू पेरू लागले आहेत आणि स्लो फूड संस्थेने या बियाण्याला संरक्षित पिकांच्या यादीत घेतले आहे. वाफे लहान, हातकाम जास्त आणि उतारा कमी असल्याने हे पीठ आयात पिठापेक्षा बरेच महाग पडते. गव्हाची ऐपत नसलेल्यांनी पोसलेले धान्य आज ऐपत असलेल्यांनाच अस्सल रूपात मिळते, आणि परंपरा जपली गेल्याचा पुरावा म्हणून बिलाची पावती दिली जाते.