डेटा काय म्हणतो?

आमचे भाऊजी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि घरादाराची शांतता गेली. आरोग्यसेवांवर संशोधन कसं करायचं हे शिकलेला माणूस ‘बरं चाललंय’ एवढ्यावर ऐकून घेत नाही. “हे तुमचं मत झालं,” ते म्हणतात, “डेटा काय म्हणतो?”

परवा एका लग्नात त्यांनी डोनाबेडियन काढला. सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी तपासावा, असं या गृहस्थांनी १९६६ साली मांडलं. “मांडव ही रचना, वाढप ही प्रक्रिया,” जिलबी मोडत भाऊजी म्हणाले.

“आणि परिणाम?”

“तो उद्या सकाळी.”

मग दर पाचव्या पाहुण्याला गाठून जेवणाबद्दल विचारणं सुरू झालं. ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत पाच पर्याय. झाडून सगळे अत्यंत समाधानी निघाले, कारण वधूपिता शेजारीच हात जोडून उभे होते. “बायस!” भाऊजी पुटपुटले आणि कागद खिशात गेला.

प्रबंधासाठी निवडलेल्या रुग्णालयातही हेच. भाऊजी स्टॉपवॉच घेऊन केसपेपरच्या खिडकीशी उभे राहिले, की कारकुनाचा हात भराभर चालू लागतो. पाहणारा दिसला की माणूस बदलतो; शिकागोजवळच्या एका कारखान्यावरून याला ‘हॉथॉर्न परिणाम’ म्हणतात. म्हणून भाऊजी पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी सरळ बाद करतात. तिसऱ्या दिवशी रांग तशीच ठेवून कारकून चहाला उठला, तेव्हा यांचा चेहरा उजळला. “आता खरा डेटा!”

एरवी मी त्यांची यथेच्छ टिंगल करतो, पण त्या आजींची गोष्ट ऐकल्यापासून जरा जपून. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आजी म्हणाल्या, “लई चांगलं हाय सगळं.” भाऊजींनी त्यांना पुन्हा एसटीच्या थांब्यावर गाठलं, संमतीपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेजारी बसले. तिथं कळलं, की रक्ताचा रिपोर्ट दुपारी मिळतो, तोवर औषधाची खिडकी बंद. एका तापापायी दोन खेपा, दोन दिवसांची मजुरी बुडाली. ओपीडीच्या रजिस्टरात मात्र त्या खेपांचे दोन रुग्ण झाले, म्हणजे कामगिरी दुप्पट! भाऊजी एसटी सुटेपर्यंत लिहीत होते.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नाही. एकदा ताईलाच प्रश्नावली दिली. ‘घरकामात पतीची मदत’ या प्रश्नापुढे तिनं ‘अत्यंत असमाधानी’वर ठसठशीत खूण केली.

“अगं, एकीच्या उत्तरावरून निष्कर्ष काढता येत नाही. नमुना लहान आहे.”

“बायका किती आहेत तुम्हाला? एक ना? मग ही जनगणना झाली.”

भाऊजींनी चष्मा पुसला. मग वहीत नोंद केली: ‘फेरतपासणी, एक महिन्यानं,’ आणि निमूटपणे भांडी घासायला उठले.