दप्तरदार

दप्तरदार हे काकांचं आडनाव नाही. खरं आडनाव एडिसनमध्ये आता फार थोड्यांना आठवतं. ते त्यांच्या पासपोर्टावर आहे, आणि पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

न्यू जर्सीत जिथं मराठी माणसं जमतात तिथं असा एक गृहस्थ असतोच. गणपतीत मोदक वळायला हात कमी पडतात, ढोल उचलायला खांदे कमी पडतात, हा मात्र कधी कमी पडत नाही. कुणी सहज म्हणावं, "सुट्टीत जरा बाहेर जाऊन येतोय," की हा विचारणार, "कुठल्या स्टेटसवर?" त्याला हवापाण्याशी देणंघेणं नसतं, हॉटेलशी नसतं. व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख काय, पासपोर्टाला सहा महिने उरलेत का, आणि तुमचं नाव सगळीकडे एकच आहे का, एवढंच त्याला हवं असतं. तिसऱ्या प्रश्नाला मराठी माणूस हमखास नापास होतो.

काका आयुष्यभर एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात होते. तिथला धर्म असा की जे कागदावर नाही ते घडलंच नाही. निवृत्त होताना बाकी सगळं ते कंपनीत ठेवून आले, हा धर्म तेवढा घरी आणला. त्यांच्या लग्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह नोटरी केलेला आहे. काकू म्हणतात, भाषांतर झालं त्या दिवशी यांना लग्न झाल्यासारखं वाटलं.

तर आम्हा काही कुटुंबांची कॅरेबियन क्रूझ ठरली. मेमोरियल डेच्या सुमारास निघायचं, मुलांच्या शाळा थोड्या बुडवायच्या. जहाज आपल्या बेयॉनहूनच सुटणार, म्हणजे विमानाची कटकट नाही. सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि परत बेयॉन. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बटाटेवड्यांवर बैठक बसली. बायका कुठल्या बेटावर काय घालायचं हे ठरवत होत्या. काका मधल्या खुर्चीवर बसले, कप्प्याकप्प्यांची फाइल गुडघ्यावर उघडली आणि म्हणाले, "सगळ्यांनी आपापली कॅटेगरी सांगा."

तेव्हा आम्हाला कळलं की एका पंक्तीत बसून एकच वडा खाणारी माणसं किती जातींची असतात. इथं जन्मलेली मुलं, शपथ घेऊन नागरिक झालेले, ग्रीन कार्डवाले, एच-वनवाले, शिकायला आलेले, आणि मुलीकडे पाहुणे आलेले साताऱ्याचे आप्पा आणि आजी. सोवळ्याचे नियम प्रत्येकाला वेगळे.

मुलांचं सोपं होतं. अमेरिकन बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या जहाजावर अमेरिकन नागरिकाला पासपोर्टाशिवाय जाता येतं. सोळाच्या आतल्या मुलाला जन्मदाखल्याची प्रतही पुरते. हे ऐकून एक वहिनी उत्साहानं फ्रेम घेऊन आल्या. त्यात हॉस्पिटलनं दिलेला सुंदर कागद होता, गुलाबी किनार आणि बाळाच्या पावलांचे शाईचे ठसे. काकांनी तो बराच वेळ न्याहाळला. म्हणाले, "पावलं छान आहेत. पण सरकार पावलांवरून ओळखत नाही. सिटी हॉलचा दाखला आणा."

एकानं पासपोर्ट कार्ड काढलं होतं, एटीएम कार्डाएवढं, पाकिटात मावणारं. त्याला वाटलं आपण हुशारी केली. काका म्हणाले, "जमिनीवर आणि समुद्रावर चालतं. हवेत नाही. सेंट मार्टिनला तुम्ही खरेदी करत बसलात आणि जहाज गेलं, तर विमानात कसे चढणार? पोहत याल?" त्या गृहस्थानं पुढं सबंध सहलीत एकाही दुकानात पाऊल टाकलं नाही. त्याच्या बायकोनं काकांना आजवर क्षमा केलेली नाही.

खरी शोकांतिका दोघा भावांची झाली. थोरला एच-वनवर नोकरीला, धाकटा एफ-वनवर शिकायला. दोघांचेही व्हिसाचे शिक्के संपलेले, पण मुक्काम मात्र कायदेशीर. दोघांची तिकिटं थोरल्यानं काढलेली. काकांनी नियम सांगितला: शिक्का संपलेला असला तरी तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन परत येता येतं, दोघांनाही. पण शेजारच्या बेटांची ही सवलत फक्त विद्यार्थ्यांना आणि जे-वाल्यांना. त्यातही क्यूबा वगळून.

"म्हणजे?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणजे तो जाईल. आय-ट्वेंटीवर कॉलेजची ताजी सही तेवढी घ्यायला सांगा. तुम्ही टोरांटोला जाऊन या, छान शहर आहे."

धाकट्यानं चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा ज्यानं लिहिला त्याला थोरला भाऊ नसावा, असं माझं मत आहे.

मग नावांचा घोळ. आमच्या गटात सगळ्या ज्यांना शैलाताई म्हणतात त्या पासपोर्टावर निर्मला आहेत. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं शैला लिहिलं, आणि पासपोर्ट निघाला शाळेच्या दाखल्यावरून. चाळीस वर्षं हे दोन्ही संसार गुण्यागोविंदानं चालले. तिकीट काढणाऱ्या भाचीनं भोळेपणानं शैला लिहिलं. जहाजाच्या यादीत शैला, हातात निर्मला. काकांनी ते पकडलं. कसं पकडलं विचाराल तर ते कुणाच्याच नावावर विश्वास ठेवत नाहीत. मधल्या नावाच्या चौकटीत वडील की नवरा, हे ते प्रत्येक बाईला वेगळं विचारतात, आणि उत्तर मिळाल्यावर पुरावा मागतात.

आप्पांचा अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा, पण जुन्या पासपोर्टात. तो पासपोर्ट संपला, कोपरा कापून परत मिळाला, नवा कोरा. दोन्ही पासपोर्ट रबरानं एकत्र बांधून नेले की चालतात. काकांनी रबर स्वतः आणलं होतं, रुंद, निळं. शिवाय आप्पांची जन्मतारीख १ जून. यात मराठी माणसाला काही वाटणार नाही. मास्तरांनी शाळेत नाव घातलं तेव्हा जून होता, आणि निम्मा महाराष्ट्र असाच एका दिवशी जन्मला. पण आमच्या यादीत अशा तीन १ जून निघाल्या. एजंटबाईंनी फोन करून विचारलं, तिळे आहेत का? काकांनी फोनवर तिला मराठी शाळेच्या पटाचा इतिहास समजावून दिला. शेवटी सांगितलं की समुद्रमार्गानं येणाऱ्यांची कागदपत्रं कडक झाली तोही १ जूनच, २००९ चा. तिनं फोन ठेवला की तो कट झाला, याबद्दल दोन मतं आहेत.

आप्पांचा प्रश्न वेगळाच होता. "जहाज पोर्ट ऑफ स्पेनला जातं का हो?" १९७१ साली त्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून वाडेकरांची टीम वेस्ट इंडिजमध्ये जिंकताना ऐकली होती. सरदेसाईंच्या ६४२ धावा, आणि नवख्या गावसकरांच्या चार कसोटींत ७७४. कॅरेबियन म्हणजे त्यांच्या लेखी क्वीन्स पार्क ओव्हल, बाकी सगळं पाणी.

"नाही जात ते बरंय," काका म्हणाले. "त्रिनिदादला पाय ठेवलात की भारतात उतरताना पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. नसला तर वेगळं ठेवतात. आणि टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, त्याच दिवशी नाही."

"गावसकरनं टोचून घेतली होती?"

"घेतलीच असणार. नाहीतर ७७४ धावा घेऊन परत कसा आला असता?"

आप्पांना पटलं. ट्रान्झिस्टरवर ही माहिती दिली नव्हती एवढंच.

क्रिकेटचा विषय निघाला की काका थोडे हळवे होतात, पण त्यातही कागद असतोच. वेस्ट इंडिज हा देश नाही, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. टीम एक, पण लारा त्रिनिदादचा, रिचर्ड्स अँटिग्वाचा, होल्डिंग जमैकाचा. प्रत्येक बेटाचं वेगळं इमिग्रेशन, वेगळा फॉर्म. हा सगळा कारभार एक झाला तो २००७ च्या वर्ल्ड कपला. दहा देशांनी मिळून १ फेब्रुवारी ते १५ मे असा एकच व्हिसा काढला, शंभर डॉलर. एकदा आत शिरलं की बेटाबेटांवर मोकळं फिरा. काका तेव्हा भारतीय पासपोर्टवर होते आणि त्यांनी तो व्हिसा घेतला. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. इतका सुंदर, इतका बहुगुणी आणि इतका अल्पायुषी व्हिसा त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

त्यांनी ब्रिजटाउनच्या १५ एप्रिलच्या सामन्याचं तिकीट काढलं होतं, कारण त्या दिवशी भारत-पाकिस्तान होणार असं सगळ्या जगानं गृहीत धरलं होतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आपण बांगलादेशाकडून आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत घरी आलो. पाकिस्तान आयर्लंडकडून हरून घरी गेलं. आमच्या ओळखीच्यांनी तिकिटं विकली, फेकली, कुणी रागानं फाडली. काका गेले. बार्बाडोसच्या उन्हात, केन्सिंग्टन ओव्हलवर बसून त्यांनी बांगलादेश विरुद्ध आयर्लंड हा सामना पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत पाहिला. आयर्लंड ७४ धावांनी जिंकलं.

"कशाला गेलात?" मी विचारलं.

"व्हिसा चालू होता," काका म्हणाले.

पुढं ते अमेरिकन नागरिक झाले तेव्हा भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागला. शपथविधीला त्यांचे डोळे पाणावले नाहीत. पासपोर्टावर रद्दचा शिक्का बसला तेव्हा मात्र त्यांनी खिडकीतल्या माणसाला विनवलं, "त्या वर्ल्ड कपच्या पानावर नका ना मारू."

इतक्या तयारीनं आम्ही बेयॉनला पोचलो. चढताना कागद पाहिले ते तेवढेच. आत प्रत्येकाला जहाजाचं एक प्लॅस्टिकचं कार्ड मिळालं, आणि मग काकांचे हाल सुरू झाले. खोली उघडायला तेच, आइसक्रीमला तेच, बेटावर उतरायला तेच. कार्ड मशीनला लावलं की टुंग वाजतं आणि माणूस परदेशात. सान हुआन तर अमेरिकेचंच. सेंट थॉमसही अमेरिकेनं १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतलेलं, फक्त गाड्या डावीकडून चालतात. काका फाइल काखेत मारून उतरायचे आणि तशीच परत आणायचे. बाकीच्यांच्या काखेत टॉवेल.

सेंट मार्टिनवर त्यांना आशा होती. एकच बेट, अर्धं डच, अर्धं फ्रेंच. १६४८ चा करार. म्हणजे सरहद्द आली. आम्ही टॅक्सीनं फिलिप्सबर्गहून मारिगोला निघालो. काका पुढं बसले, पासपोर्टांचा गठ्ठा मांडीवर, आप्पांचं निळं रबर सैल करून ठेवलेलं. रस्त्याच्या कडेला एक स्तंभ आणि झेंडे दिसले आणि गेले.

"बॉर्डर कधी येईल?" काकांनी विचारलं.

"गेली की," ड्रायव्हर म्हणाला.

काकांनी गाडी थांबवायला लावली. उतरून मागं चालत गेले. स्तंभाच्या आजूबाजूला पाहिलं. चौकी नाही, शिपाई नाही, साधं खोपटं नाही. ड्रायव्हरनं सांगितलं की पलीकडे त्याची सासुरवाडी आहे आणि तो रोज जातो. "रोज?" काका म्हणाले. "काहीच न दाखवता?" तो माणूस सासुरवाडीला कुठल्या अधिकारानं जातो हा प्रश्न त्यांना मारिगोचा बाजार संपेपर्यंत सुटला नाही.

त्यातल्या त्यात समाधान १ जूनला मिळालं. रात्रीच्या जेवणाला वेटर मंडळी टाळ्या वाजवत केक घेऊन आली आणि आप्पांभोवती गोल करून गाऊ लागली. पाठोपाठ दुसरा केक, तिसरा केक. आप्पा आजीला विचारत होते, कुणाचा वाढदिवस? ते श्रावणातले. आजी हसत सुटल्या. काका मात्र उठून उभे राहिले आणि गंभीरपणे टाळ्या वाजवू लागले. आप्पांच्या कागदावरच्या जन्माला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

परतीला बेयॉन. आता तिथं पासपोर्टसुद्धा हातात घेत नाहीत; कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की चला. मुलं गेली, वहिनी गेल्या. धाकटा भाऊ आय-ट्वेंटी सावरत वेगळ्या रांगेत लागला. निर्मलाबाई शैलाताईंसकट गेल्या. काका कॅमेऱ्यासमोर आले आणि यंत्र अडखळलं. नियमाप्रमाणे पासपोर्टाच्या फोटोत चष्मा चालत नाही, म्हणून त्यात काका बिनचष्म्याचे. आणि बिनचष्म्याचे काका काकूंनीही फारसे पाहिलेले नाहीत. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच.

अधिकारी म्हणाला, "सर, तुमचा पासपोर्ट बघू?"

काकांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो सेंट थॉमसच्या समुद्रानंही पाडला नव्हता. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, रबर काढलं आणि पासपोर्ट दिला. मागोमाग रद्द झालेला भारतीय पासपोर्ट दिला. मग नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट परत केल्याचा दाखला, ओसीआय.

"एवढं नकोय, सर. फक्त पासपोर्ट."

"असू द्या," काका म्हणाले, आणि लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर उलगडू लागले. "हे पान बघा. २००७. असा व्हिसा तुम्ही पाहिला नसेल."

रांग मागं जहाजापर्यंत गेली. काकूंनी बॅग आडवी टाकली, तिच्यावर बसल्या आणि आम्हाला हातानं खुणावलं. "बसा रे सगळे. यांची ट्रिप आत्ता सुरू झालीय."