कोरडवाहू कप्तान

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या वाट्याला घोड आणि भीमा आल्या असल्या तरी समुद्र आलेला नाही. त्यामुळे उसाला पाणी सोडून रात्री संगणकापुढे बसणाऱ्या आणि २००५ साली आलेल्या ‘सायलेंट हंटर ३’ या खेळात अटलांटिकमधील जर्मन पाणबुडी हाकणाऱ्या येथील गृहस्थाला, त्याची शेती कितीही बागायती असो, कोरडवाहू कप्तानच म्हणावे लागते.

त्याचा जीव लक्ष्याच्या वेगात अडकलेला असतो, आणि तेही अकारण नव्हे. पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, जहाजावर नव्हे तर जहाज पोहोचणार असेल तेथे सोडायचा असतो, ३० नॉटचा पाणतीर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर) १५०० मीटर कापेपर्यंत १० नॉटचे जहाज ५०० मीटर पुढे गेलेले असते, आणि अंदाज दोनच नॉटनी चुकला तरी नेम १०० मीटरनी हुकतो. म्हणून कप्तान पाणबुडी थांबवतो, पेरिस्कोपमधली उभी रेघ जहाजाच्या वाटेत स्थिर धरतो आणि जहाजाचे पुढचे टोक रेघेला लागल्यापासून मागचे टोक सुटेपर्यंतचे सेकंद मोजतो. १४० मीटरचे जहाज २७ सेकंदांत सरले तर वेग १० नॉट. जहाज कितीही तिरके चालले तरी हे गणित बिघडत नाही, या गोष्टीचे त्याला जे कौतुक आहे ते स्वतःच्या मुलांच्या गुणांचेही नसावे.

सरावासाठी दौंड जंक्शन आहेच. फलाटावरचा खांब ही रेघ, साडेतेवीस मीटरचा एक असे २० डबे, ४७ सेकंद. शेजारच्या प्रवाशाने गाडी किती लेट आहे एवढेच विचारलेले असते, त्याला ‘एकोणीस नॉट’ असे उत्तर मिळते.

या विद्येची खरी कसोटी मात्र गळीत हंगामात, शिरूरच्या रस्त्यावर लागते. खेळात जहाजांची लांबी देणारी ओळखपुस्तिका असते, तशी कप्तानाने दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरसाठी वही केलेली असते. परंतु मागे लोंबणारा ऊस लांबीत धरावा की नाही हे त्याला ठरवता येत नाही, आणि लांबी एक दशांशाने चुकली की वेगही तेवढाच चुकतो. त्यातच शाळेतून सुटलेली पोरे मागून ऊस ओढू लागतात, चालक शिव्या देत ट्रॅक्टर थांबवतो, आणि कप्तान घड्याळ न थांबवता वहीत नोंद करतो: लक्ष्याची लांबी घटली, वेग शून्य, शत्रूच्या विनाशिका पाचवी-सहावीतल्या.