फॉन्टला जागणारी माणसं

अप्पा बळवंत चौकापासून सदाशिव पेठेपर्यंत डीटीपीची जी छोटी कार्यालयं आहेत, त्यांतल्या काहींत अजूनही विंडोज एक्सपीचा एक संगणक राखून ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला वाऱ्यावर सोडलं. या मंडळींनी नाही सोडलं. त्या संगणकात पेजमेकर असतो, ज्याची अखेरची मोठी आवृत्ती २००१ साली आली, आणि श्रीलिपीचे नाहीतर आयएसएमचे फॉन्ट. या निष्ठेचं कौतुक व्हायला हवं.

लोक घाई करतात. म्हणतात, युनिकोडवर या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे हे खरं, पण मराठी ‘ॲ’ला तिथे स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. एका अक्षराला सतरा वर्षं लागली, तर चाळीस वर्षांचा ग्रंथसंग्रह एका आर्थिक वर्षात हलवा म्हणणं अन्यायाचं आहे. पुण्यात तर १९८८ पासून सी-डॅक आहे, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आलं. घराजवळ एवढं घडत असताना पेठांनी जो संयम पाळला, तो सोपा नव्हता.

आता अडचण काय ती नीट पाहू. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं आणि टाइप होतं ते डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं. ‘मार्मिक’ घ्या. मा, मग ऱ्हस्व वेलांटी, मग म, मग डोक्यावर रफार. युनिकोडला रफार म च्या आधी लागतो आणि वेलांटी म च्या नंतर. म्हणजे कन्व्हर्टरनं एकाला मागे न्यायचं, दुसरीला पुढे. जोडाक्षर दाट असलं की त्याचा गोंधळ होतो, वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, आणि अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं.

इथेच मला या व्यवस्थेचं मोठेपण दिसतं. एरवी दुसरी आवृत्ती कोण वाचतं? फाइल उघडायची, सालाचा आकडा बदलायचा आणि छापायला धाडायची. कन्व्हर्टर बिघडवतो म्हणून तर मुद्रितशोधक पहिल्या पानापासून बसतो आणि पहिल्या आवृत्तीत राहून गेलेल्या चुकाही त्याला सापडतात. शिवाय जुन्या फाइलीत शोध चालत नाही, त्यामुळे कुठला लेख कुठल्या अंकात हे संपादकाला पाठ असावं लागतं. आणि सुरक्षितता! फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच कादंबरी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडते. गूगललाही ती वाचता येत नाही. मराठी लेखकाला याहून भक्कम कुलूप कोणी दिलेलं नाही, आणि ते लावण्यासाठी त्याला काही करावंही लागत नाही.

इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस६ पासून देवनागरीची सोय झाली, आणि इथे खरा कस लागला. लेखक आता मोबाइलवरून युनिकोडमध्ये मजकूर पाठवतात. काही कार्यालयं तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये न घेता, कन्व्हर्टर उलटा चालवून, श्रीलिपीत नेतात. त्यात रफार तुटतात. ऑपरेटर ऑल्ट दाबून, तोंडपाठ आकडे मारत, ते एकेक जोडून घेतो. दिवाळी अंकांच्या दिवसांत हे काम रात्री उशिरापर्यंत चालतं आणि तो माणूस एकही रफार सोडत नाही.