चाक बाहेर काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शिका शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या हद्दीत लागू राहील. श्रीगोंदेकर आणि इंदापूरकरांनी ती आपापल्या जबाबदारीवर वापरावी.

नवी गाडी दारात आली की पेढे, लिंबू-मिरची आणि मागच्या काचेवर पोराचं नाव, हे तीन संस्कार बिनबोभाट पार पडतात. चौथा संस्कार कंपनीची चाकं उतरवून मॅगव्हील चढवण्याचा. तो मात्र कारखान्याचं पहिलं बिल खात्यावर पडलं की मित्रांच्या सल्ल्याने, घाईघाईत आणि टेप न लावता उरकला जातो. हे अशास्त्रीय आहे. चाक बदलायला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच, की गाडीची वाट लावायची तर ती मिलिमीटरमध्ये मोजून लावावी.

इच्छुकाने सर्वप्रथम चाकाजवळ उकिडवं बसावं. बसल्याशिवाय टायरवरचं वाचता येत नाही, आणि न वाचता दुकानात गेलं तर दुकानदार आपल्याला वाचतो. स्विफ्टच्या टायरवर समजा १८५/६५ आर १५ असं आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे रबराच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच कसे काय, असा प्रश्न निदान सातबाऱ्यावर हेक्टर-आर वाचून गुंठ्यात भांडणाऱ्यांनी तरी विचारू नये.

वरचं-खालचं मिळून रबर २४०.५ आणि मधलं रिम ३८१, म्हणजे चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. हा आकडा तळहातावर लिहून घ्यावा. रिम एक इंचाने वाढवायचं तर रबर तेवढं कमी करायचं आणि बाहेरचा व्यास होता तिथंच ठेवायचा, हा या शास्त्राचा पाया. १९५/५५ आर १६ घेतलं तर व्यास ६२०.९ येतो, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. २०५/४५ आर १७ घेतलं तर ६१६.३, म्हणजे एक टक्क्याच्या आतच. जाणकार तीन टक्क्यांपर्यंत चालवून घेतात.

तेव्हा कागदावर सतरा इंच झकास बसतं. पण कागदाला शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जायचं नसतं. हंगामात या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाटस-आलेगावच्या कारखान्यांकडे निघालेले असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, गतिरोधकाला पट्टे नसतात, आणि समोरचा अप्पर मारत आला की खड्डा दिसतो तो खड्ड्यात गेल्यावर. अशा वेळी रस्ता आणि रिम यांच्यामध्ये जे काय असतं ते रबर. ते आता १२० वरून ९२ वर आलेलं असतं. दिसण्यापायी सोडून दिलेले ते अठ्ठावीस मिलिमीटर खड्डा रिमकडून वसूल करतो. कंपनीची लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ होते. ओतीव मॅगव्हीलला तडा जातो. तो तडा वेल्डिंग मारून 'पहिल्यासारखा' करून देणारे सद्गृहस्थ दोन्ही तालुक्यांत भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावं आणि नवं चाक घ्यावं.

आकाराच्या पुढे आणखी एक बारीक आकडा असतो, तो भाराचा. ८८ असेल तर एक टायर ५६० किलो पेलतो, ८४ असेल तर ५००. म्हणजे कंपनीचे ८८ चे टायर काढून शोभेचे ८४ चे घातले, की चार चाकांत मिळून २४० किलो कमी झाले. मागच्या सीटवरचे तीन भरभक्कम पाहुणे म्हणा ना. ते कोणते तीन कमी करायचे, हे ज्याने त्याने घरात विचारून ठरवावं.

बोल्टच्या वर्तुळाबद्दल फार लिहायला नको. ते चुकलं तर चाक बसतच नाही, आणि न बसणारं चाक निरुपद्रवी असतं. स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. फॉर्च्युनरला सहा, १३९.७ च्या वर्तुळावर. त्यामुळे भाऊंच्या फॉर्च्युनरची उतरवलेली चाकं स्वस्तात मिळत असली तरी ती स्विफ्टला लागत नाहीत. भाऊंचं बाकी सगळं आपल्याला लागू पडतं, चाकं तेवढी पडत नाहीत. मधलं भोक मात्र फसवं. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, आणि बाजारातल्या बऱ्याच मॅगव्हीलांचं भोक ७३.१ चं, म्हणजे कोणत्याही गाडीला चालावं असं. मधल्या पोकळीत रिंग घालायची असते. ती न घालता नटांच्या भरवशावर चाक थोडं एका अंगाला बसलं, की ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरू लागतं. मग इच्छुक दर पंधरवड्याला बॅलन्सिंग-अलायमेंट करतो आणि दुकानदाराच्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लागतो.

आता मुख्य विषय: ऑफसेट.

मॅगव्हील पालथं घालून पाहिलं तर आतल्या बाजूला ईटी ही अक्षरं आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेघ कल्पावी. हबला टेकणारा सपाट भाग त्या रेघेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा, तितकं चाक मडगार्डच्या आत. आकडा लहान, तितकं चाक बाहेर. उदाहरणार्थ, जुनं रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५. नवं ७ इंच आणि ईटी ३५. रुंदी वाढली २५.४ मिलिमीटर, तिचे दोन वाटे १२.७ चे. बाहेरची कड १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिलिमीटर बाहेर आली, आणि आतली कड शॉकपकडे २.७ ने सरकली. इथवर बहुतेक गाड्या निमूट सोसतात. पण मित्रमंडळात बावीस मिलिमीटर कुणाच्या नजरेत भरत नाही. मग ईटी २० आणला जातो आणि कड ३७.७ बाहेर. तरी समाधान नसेल तर स्पेसर नावाची चकती मिळते. ही चकती हबवर बसते आणि बेअरिंग, स्टेअरिंगचे जोड आणि वडिलांचा रक्तदाब या तिन्हींवर ताण टाकते.

खरं तर ऑफसेट आमच्या भागाला शिकवावा लागावा, हेच आश्चर्य. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची डिश उलटी करून बसवली की दोन चाकांतलं अंतर कमी-जास्त होतं, हे इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. उसात आंतरमशागतीला छोटा ट्रॅक्टर घालायचा तर आधी सरीत टेप धरतात, मग चाकांत टेप धरतात, डिश फिरवतात, पुन्हा मोजतात. चार बोटं चुकली तर ऊस तुडवला जाईल, ही धास्ती असते. तोच माणूस स्विफ्ट घेऊन दुकानात जातो तेव्हा टेप घरी राहतो आणि दुकानदाराला विचारतो, "कसं दिसतंय?" एका आजोबांनी नातवाची बाहेर काढलेली चाकं नीट निरखली आणि शांतपणे विचारलं, "ह्याला कितीची सरी धरलीय?" याहून नेमकी तांत्रिक शंका आमच्या ऐकिवात नाही.

दौंडकरांना तर आणखी जवळचा दाखला आहे. जंक्शनातून रोज धडधडत जाणाऱ्या गाड्यांच्या रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि कुठल्याही ड्रायव्हरने आजवर इंजिनाची चाकं जरा बाहेर घ्या म्हणून अर्ज केलेला नाही. दौंड–बारामती मार्ग पूर्वी अडीच फुटी नॅरोगेज होता. तो ब्रॉडगेज करताना रेल्वेने नुसती चाकं बदलली नाहीत, खालचा मार्गच बदलला. इच्छुकाची बांधकाम खात्यात एवढी ओळख नसते. शिरूरकरांनी रांजणगावकडे पाहावं. तिथल्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. चाक, मडगार्ड आणि शॉकप यांच्यातली फट ठरवायला इंजिनिअर डोकं शिणवतात. तीच फट पुढे शिरूरच्या बायपासला एका डोळ्याने, चहा पिता पिता नव्याने ठरवली जाते.

चाकं बसली की चाचणी. दुकानासमोर रिकामी गाडी पुढे-मागे करून 'घासत नाही' असा दाखला देतात, तो ग्राह्य धरू नये. स्टेअरिंग दोन्ही अंगांना पूर्ण तोडावं, गाडीत पूर्ण भार असावा आणि खाली गतिरोधक असावा. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या तरच खरं घासणं कळतं. लगीनसराईत हा योग आपोआप येतो. मागे तीन मावश्या, डिकीत आहेराची भांडी, पुढच्या सीटवर मामा, आणि मंगल कार्यालयाच्या फाटकात गतिरोधकावरच गाडी वळवायची. त्या क्षणी मागून 'खर्रर्र' आवाज आला तर तो बँडचा नव्हे. पावसाळ्यात दुसरी चाचणी होते. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक भीमाकाठची काळी माती सरळ दारांवर, काचांवर आणि शेजारून चाललेल्या मोटारसायकलवाल्यावर उडवतं. तो गावातला निघाला तर खुलासा द्यावा लागतो. भावकीतला निघाला तर खुलासा चालत नाही.

बोलेरोवाल्यांसाठी स्वतंत्र सूचना. ते रिम मोठं करत नाहीत, टायरच मोठा घालतात. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५, त्याजागी २३५/७५ घातला की ७३३.५, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. आता मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असते. किलोमीटर कमी नोंदले जातात, त्यामुळे गाडी विकताना बरं वाटतं आणि ॲव्हरेज काढताना वाईट.

कायद्याचं प्रकरण नाइलाजाने घ्यावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम १८२-ए प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चार चाकं म्हणजे एक बदल की चार, यावर पारावर मतभेद आहेत. प्रयोग करून पाहायला अद्याप कुणी पुढे आलेलं नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र न चुकता उकिडवा बसतो आणि टायरवरचं वाचतो. निर्धोक वाट एकच आहे आणि ती अगदीच नीरस आहे: आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने जे चाक दिलंय तेच घ्यावं. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ मिळायचे आणि वरच्याला १८५/६५ आर १५. व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक नाही. पण हे केलं तर चाक मडगार्डच्या आतच राहतं आणि कुणी विचारत नाही, हा त्यातला दोष आम्ही मान्य करतो.

शेवटी स्टेपनी. चार मॅगव्हीलांच्या पैशात पाचवं कुणी घेत नाही, म्हणून डिकीत कंपनीची जुनी डिस्क राहते. कारण उघड आहे, डिकीतलं चाक कुणाला दिसत नाही. राहू द्यावी, पण व्यास जुळतो का ते आधी पाहावं. मॅगव्हीलबरोबर वेगळे नट आले असतील तर ते लोखंडी डिस्कला नीट टेकतीलच असं नाही. म्हणून कंपनीचे जुने चार नट भंगारात न देता डॅशबोर्डच्या खणात ठेवावेत. ठेवताना कापडात गुंडाळावेत. नाहीतर ते खडखडतात, इच्छुकाला बेअरिंग गेल्यासारखं वाटतं, आणि तो पुन्हा त्याच दुकानात जातो.